एकटीचा पलंग

कॉल्डबर्नच्या कामगार क्लबात लीकच्या प्रदर्शनाचे नियम काचेच्या चौकटीत लावलेले आहेत. सोळा नियम टाइप केलेले, पिवळे पडलेले. सतरावा नंतर कुणीतरी निळ्या शाईनं हातानं घातलेला: ‘स्पर्धक प्रदर्शनाच्या दिवशी हयात असावा.’ नवखा माणूस हे वाचून हसतो आणि विचारतो, हे काय? मग लोक कोपऱ्यातल्या टेबलाकडे बोट दाखवतात. तिथे गेनॉर स्टॉब्ज हिशेबाची वही बाजूला सारून चहा पीत असते. आता ती पन्नाशीची आहे, आणि ज्या क्लबात बायकांना सभासद करून घेत नसत त्या क्लबाची सेक्रेटरी आहे. तो नियम तिच्यामुळे आला. तेव्हा ती बारा वर्षांची होती आणि तिला जगात एकच गोष्ट हवी होती: झोपायला स्वतःचा पलंग.

खाण बंद होऊन दोन वर्षं झाली होती. आधी वर्षभर संप चालला, मग मोडला, मग खाणच गेली. त्या विषयावर गावात आजही दोन सख्खे भाऊ एका टेबलावर बसू शकत नाहीत, तेव्हा तो इथे नको. गेनॉरचा बाप विल्फ एकोणचाळिसाव्या वर्षी घरी बसला. आई ऑड्री पँटच्या कारखान्यात जायची आणि दिवसाला चारशे चेनी बसवायची. घरी कुणाची चेन तुटली तर म्हणायची, “पिन लाव. मला चेन दिसली की उलटी होते.”

गरिबीचं म्हणाल तर तिचा बाऊ कुणी करत नव्हतं, कारण करायचा कुणापुढे? शाळेत पैसे भरून जेवणाऱ्यांना पांढरी कुपनं मिळायची आणि फुकटवाल्यांना निळी. गेनॉरच्या वर्गात पांढरं कुपन एकाच पोराकडे होतं, शवपेट्या करणाऱ्या ऑर्डच्या. त्याचा धंदा तेवढा तेजीत होता. पोरं त्यालाच चिडवायची, आणि तो बिचारा आईकडे निळ्या कुपनासाठी हट्ट करायचा. गेनॉरचा कोट चर्चमधल्या जुन्या कपड्यांच्या विक्रीतला. पहिल्या दिवशी तो घालून ती शाळेत गेली तर शेजारच्या बाकावरची मुलगी प्रेमानं म्हणाली, “डावा खिसा फाटका आहे बरं का, त्यात काही ठेवू नकोस. माझी दोन पेनं गेली.”

हे सगळं गेनॉरला चालत होतं. चालत नव्हती ती रात्र. वरच्या तीन खोल्यांपैकी एकीत आईबाप, कपाटाएवढ्या दुसरीत दोघे धाकटे भाऊ, आणि मागच्या खोलीत मोठ्या लोखंडी पलंगावर एटीआजी आणि गेनॉर. जॉसआजोबा वारले तेव्हा गेनॉर सहा वर्षांची होती. मंगळवारी ते गेले आणि शुक्रवारी ऑड्रीनं तिची उशी आजीच्या खोलीत नेऊन टाकली. “आजीला सोबत होईल,” म्हणाली. तेव्हापासून सहा वर्षं झाली होती. आजीचे पाय बाराही महिने बर्फ असायचे आणि ते ती गेनॉरच्या पोटऱ्यांना लावून शेकायची. घोरणं असं की भिंतीपलीकडचे शेजारी सकाळी विचारायचे, “एटीला आज जरा सर्दी होती का?” कवळी उशाशी पेल्यात, केसांना जाळी, तोंडात पेपरमिंटची गोळी, आणि ती गोळी पहाटे कधीतरी निसटून गेनॉरच्या केसात चिकटलेली. शिवाय आजी झोपेत नवऱ्याशी भांडायची. “सरक तिकडे, जॉस!” असं ओरडून कोपर मारायची, ते बसायचं गेनॉरला. आजोबांच्या वाट्याचा मार तिनं सहा वर्षं खाल्ला.

आता लीकचं. लीक म्हणजे कांद्याच्या पातीचा थोराड चुलतभाऊ. बाकीचं जग तो सूपमध्ये घालतं. कॉल्डबर्नमध्ये त्याच्यावरून लग्नं मोडली आहेत. रेल्वेरुळांपलीकडे प्रत्येक घराचा मळ्याचा एकेक तुकडा, आणि सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी क्लबात प्रदर्शन. एकसारख्या दोन लीकची जोडी मांडायची, घन इंचांत जिचं आकारमान सगळ्यात जास्त तिचा पहिला नंबर. मात्र उंचीला मर्यादा. मुळापासून पहिलं पान जिथे फुटतं त्या जागेला बटन म्हणतात. बटनापर्यंत सहा इंच. केसभर वर गेलं की जोडी बाद, मग ती हत्तीच्या पायाएवढी का असेना. बक्षिसं मात्र घरात लागणारी: सोफा, शेगडी, घोंगड्या. सगळी स्टेजवर मांडतात, आणि नंबराच्या क्रमानं एकेकानं येऊन हवं ते उचलायचं.

विल्फ दरवर्षी मांडायचा आणि दरवर्षी शेवटून दुसरा-तिसरा यायचा. शेवटच्या दोघा-तिघांना जे उरतं ते टोस्टर असतं. स्टॉब्जांच्या घरात चार टोस्टर होते. संपाच्या वर्षी तर टोस्टर आहेत आणि पाव नाही, अशी शोभा होती. याउलट जॉसआजोबा म्हणजे एके काळचे गावातले धुरंधर. सात वेळा दुसरे. पहिले मात्र कधीच नाहीत. क्लबाच्या भिंतीवर विजेत्यांच्या नावांची सोनेरी अक्षरांतली पाटी आहे, तिच्यावर जॉस स्टॉब्ज हे नाव नव्हतं, आणि ते शल्य घेऊन ते गेले.

गेले म्हणजे दफनभूमीत गेले. क्लबातून गेले नव्हते. कारण पुढच्या जानेवारीत एटीआजी काळा कोट घालून क्लबात गेली आणि नवऱ्याची वर्गणी भरली. वर्गणी घेणाऱ्याला बोलवेना. विधवा बाई, त्यात एटी. त्यानं मुकाट्यानं पावती फाडली. दुसऱ्या वर्षी संकोचानं फाडली, तिसऱ्या वर्षी सवयीनं. नाताळात प्रत्येक सभासदाला तीन फुकट पेल्यांच्या चिठ्ठ्या मिळतात, त्या जॉसच्या नावानं घरी यायच्या आणि आजी त्यांची काळी बिअर पिऊन यायची. विल्फ वैतागायचा.

“आई, बाबा जाऊन सहा वर्षं झाली. आता तरी नाव काढून टाक.”

“मेला म्हणून काय झालं? क्लब थोडाच सोडलाय त्यानं.”

त्या वर्षी मार्चमध्ये बक्षिसांची यादी क्लबाच्या खिडकीत लागली. शाळेतून येताना गेनॉरनं ती काचेला नाक लावून वाचली. मोठा रंगीत टीव्ही. सोफ्याचा संच. कपडे धुण्याचं मशीन. आणि चौथ्या ओळीत: ‘एकट्याचा पलंग, गादीसकट, उशाला गुलाबी मखमल.’ गेनॉरनं ती ओळ तीनदा वाचली. टीव्ही, सोफा, मशीन पहिले तिघे नेणार. म्हणजे चौथा नंबर आला तरी पुरे.

ती घरी धावत आली. “बाबा, या वर्षी तुमचा चौथा नंबर यायलाच हवा.”

विल्फ लीकला घालायचं नवं खत ढवळत होता. दर वर्षी नवं खत, हा त्याचा बाणा. “चौथा? अगं पहिला येतोय. या वर्षी माशांच्या आतड्यांचा प्रयोग आहे.”

वास गल्लीभर गेला होता. गेनॉरला कळून चुकलं की या माणसाच्या भरवशावर राहिलं तर पाचवा टोस्टर येईल.

मागच्या दारी आजी बटाटे सोलत होती. गेनॉर पायरीवर बसली आणि तिनं सरळच विचारलं. “आजी, आजोबा लीकला काय घालायचे?”

आजीची सुरी थांबली. हा प्रश्न विल्फनं तिला सहा वर्षांत शंभरदा विचारला होता आणि शंभरदा तिनं ‘मला काय माहीत?’ म्हटलं होतं. धादांत खोटं. तीस वर्षं ते कालवण तिनंच तर मुरवलं होतं.

“तुला कशाला?”

“मला पलंग हवाय. तुझे पाय गार असतात.”

गेनॉरला वाटलं आता सुरी फेकून मारते. पण आजी म्हणाली, “पलंग आला तर आपण वेगवेगळ्या झोपणार?”

“हो.”

“नक्की? मध्येच भीती वाटली म्हणून येशील शिरायला.”

“मरेन पण येणार नाही.”

“मग ऐक. तुझ्या बापाला सांगितलंस तर जीभ कापीन. जॉसनं मला शपथ घातलीय. म्हणाला, विल्फला सांगू नकोस, त्याला चमचाभर सांगितलं तर तो बादलीभर ओततो.”

कृती अशी होती: जुन्या मोज्यात मेंढीच्या लेंड्या भरून तो मोजा बादलीत टांगायचा, त्यात धुराड्याची काजळी आणि काळ्या बिअरचा तळ. आठवडाभर मुरवायचं. आणि दर रविवारी प्रत्येक रोपाला एक चहाचा कप. एकच. सोमवारी नाही, बुधवारी नाही, रोप कोमेजलं म्हणून दया येऊन नाही.

“आणि उरलेले सहा दिवस?” गेनॉरनं विचारलं.

“उरलेले सहा दिवस हात मागे बांधायचे. खरी विद्या तीच. तुझ्या बापाला ती जन्मात येणार नाही.”

एप्रिलमध्ये विल्फनं जोमदार रोपं लावली आणि पाच मरतुकडी उकिरड्यावर टाकली. ती गेनॉरनं उचलली आणि आजोबांच्या जुन्या चरात लावली, मळ्याच्या पार टोकाला, शेजाऱ्याच्या कबुतरखान्यामागे. तिथे विल्फ जात नसे. बाप गेल्यापासून त्या चरावर कुणी फावडं मारलं नव्हतं.

दोन रोपं गोगलगायींनी खाल्ली. तीन जगली. उन्हाळाभर गेनॉर शनिवारी आजीसोबत बसून कालवण ढवळायची आणि रविवारी चर्चच्या कपड्यांत तीन कप मोजून घालायची. मैत्रिणी पोहायला बोलवायच्या. ही म्हणायची, रविवारी जमणार नाही, काम आहे. काम काय विचारलं तर गप्प. मळ्याच्या दुसऱ्या टोकाला विल्फ माशांची आतडी, मग साखरेचा पाक, मग कुणीतरी सांगितलं म्हणून घोड्याचं औषध असं काहीबाही ओतत होता, आणि त्याची लीक खरोखर भयंकर वाढत होती. तो रोज टेपनं मोजायचा. त्याचे डोळे चमकायचे. गेनॉरला त्याची दया यायची, पण पलंग दयेनं मिळत नाही.

प्रदर्शनाच्या आधीच्या आठवड्यात कमिटी प्रत्येक मळ्यात येऊन पानांवर रबरी शिक्का मारते, म्हणजे ऐन वेळी कुणी दुसऱ्याची लीक आणू नये. सेक्रेटरी होता सेप टुलिप. खाणीत तो वजनकाट्यावर होता आणि खाण गेली तरी काटा त्याच्या डोक्यातून गेला नव्हता. चुलीवरच्या किटलीलाही तो ‘नियमाप्रमाणे उकळली का’ असं विचारेल. पण एक होतं: तरुणपणी जॉसच्या हाताखाली शिकला असल्यामुळे तो एटीला वहिनी म्हणायचा आणि तिला वचकून असायचा.

विल्फच्या जोडीला शिक्का मारून सेप निघाला, तशी कबुतरखान्यामागून आजीनं हाक मारली. “सेप, इकडचीही मार.”

सेप गेला आणि थबकला. चरात दोन लीक शेजारी शेजारी उभी होती. बुटकी, गोल, सारखी. तिसरं आजीनं आदल्याच दिवशी उपटून सूपमध्ये घातलं होतं, ‘जोडीला तिसरा कशाला’ म्हणून.

“ही कुणाची, वहिनी?”

“चर कुणाचा आहे?”

“जॉसदादाचा.”

“मग लीक कुणाची?”

सेपनं वही उघडली. मळ्यांच्या यादीत या चरासमोर ‘जे. स्टॉब्ज’ असंच होतं, कारण आजीनं तेही कधी बदलून घेतलं नव्हतं. सभासदांच्या यादीतही जे. स्टॉब्ज, वर्गणी भरलेली. सेपच्या मनात काहीतरी खटकलं असणार, त्यानं डोकंही खाजवलं. पण दोन्ही याद्या जुळत होत्या, आणि दोन याद्या जुळल्या की सेप टुलिपची शंका मिटायची. त्यानं शिक्का मारला, नाव लिहिलं आणि टोपीला हात लावून गेला.

शनिवारी सकाळी आजी आणि गेनॉरनं लीक उपटली, मऊ फडक्यानं दुधानं पुसली आणि बाळाच्या टबात घालून क्लबात नेली. विल्फला बोलायला सवडच नव्हती. त्याच्या जोडीभोवती गर्दी जमली होती. त्याची लीक पाहून लोक शिट्ट्या मारत होते. परीक्षक शेजारच्या गावचे, गंभीर, काळ्या टायवाले. त्यांनी पट्टी लावली. पुन्हा लावली. चष्मा पुसून पुन्हा लावली.

“सहा इंच आणि एक अष्टमांश. बाद.”

विल्फ मटकन खुर्चीवर बसला. ऑड्री शेजारी येऊन उभी राहिली आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, “असू दे. निदान टोस्टर तरी नाही मिळणार.”

दुपारी चारला दोनशे माणसं हॉलमध्ये कोंबलेली होती. सेप टुलिप स्टेजवर गेला. त्याचा चेहरा जरा बारीक दिसत होता, कारण त्याची स्वतःची जोडी दुसरी आली होती. त्यानं कार्ड उचललं आणि वाचलं, “पहिला नंबर, एकशे एकेचाळीस घन इंच, जे. स्टॉ...” तिथेच तो थांबला. मग मान खाली घालून, घाम पुसत त्यानं पूर्ण केलं, “जॉस स्टॉब्ज.”

पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं हळूच टोपी काढली. मग मागून कुणीतरी ओरडलं, “अरे, मी खांदा दिलाय त्याला!”

“आणि मी खिळे ठोकलेत,” शवपेट्यावाला ऑर्ड म्हणाला. “पितळी. आठ.”

“हरकत!” सेपला कंठ फुटला. “मेलेला माणूस स्पर्धेत कसा?”

“नाव तर तूच लिहिलंस,” आजी खालून म्हणाली. हातात पर्स, डोक्यावर अंत्यविधीला घातली होती तीच टोपी. “शिक्का तूच मारलास. सहा वर्षं पावत्या फाडल्यात या क्लबानं. तेव्हा नाही कुणाला आठवलं तो मेलाय म्हणून?”

कमिटी आतल्या खोलीत गेली, पण दार पातळ होतं आणि सगळा हॉल कान देऊन बसला.

“नियमात कुठे लिहिलंय जिवंत पाहिजे?” एक जण म्हणाला.

“ते लिहावं लागतं का?” हा सेप.

“सोळा नियम आहेत. कुत्रा आणू नये लिहिलंय. थुंकू नये लिहिलंय. जिवंत असावा, नाही लिहिलेलं.”

“आणि जिवंतपणावरच जायचं तर मागचा खजिनदार दोन वर्षं प्रत्येक सभेत झोपून होता. कधी नाडी बघितली होती आपण त्याची?”

“पण लीक वाढवली कुणी? जॉस येऊन पाणी घालून गेला का?”

यावर आजीनं बाहेरून दारावर पर्स आपटली. “पाणी नातीनं घातलं! मागच्या वर्षी तू जुलैभर सासुरवाडीला पडून होतास तेव्हा तुझ्या लीकला पाणी कोण घालत होतं रे, सेप? तुझी बायको! तिचं नाव होतं का कार्डावर?”

हॉलमध्ये मिसेस टुलिप एवढ्या जोरात हसली की तिच्या पेल्यातलं सांडलं. गेनॉर मात्र हसत नव्हती. ती स्टेजवरच्या पलंगाकडे बघत होती. उशाला गुलाबी मखमल, गादीवर अजून प्लास्टिक. तिनं मनात ठरवलं होतं, नाही मिळाला तर रडायचं नाही.

दार उघडलं. सेप बाहेर आला. “नियमाप्रमाणे,” तो म्हणाला, आणि हे शब्द त्याच्या तोंडून दात उपटल्यासारखे निघाले, “निकाल कायम आहे.”

हॉल कोसळायचा बाकी राहिला. लोक बाकांवर उभे राहिले. विल्फ, ज्याला आतापर्यंत काहीही कळलेलं नव्हतं, वळून आईला म्हणाला, “म्हणजे तुला माहीत होतं? खत? एवढी वर्षं?”

“मला काय माहीत?” आजी म्हणाली आणि स्टेजकडे चालू लागली.

सेपनं पेन काढलं. विजेता स्वतः आला नाही तर नातेवाइकानं बक्षीस घ्यावं, पण कारण नोंदवावं लागतं. “जॉसदादाच्या गैरहजेरीचं कारण काय लिहू, वहिनी?”

“लिही, बाहेरगावी.”

त्यानं लिहिलं. ती वही आजही कपाटात आहे.

मग आजी स्टेजवर चढली. पहिला नंबर, हवं ते उचला. खालून धाकटे दोघे “टीव्ही! टीव्ही!” ओरडत होते. विल्फ हातानं चौकोन करून दाखवत होता. ऑड्री तोंडानं नुसतं ‘मशीन’ म्हणत होती, आणि तिचे हात पाहिले असते तर तिला मशीन द्यावंसं कुणालाही वाटलं असतं. गेनॉरला त्या क्षणी वाटलं की आपण फार स्वार्थी आहोत. तिनं आजीला नजरेनं सांगायचा प्रयत्नही केला, की घे मशीन, माझं काही नाही. पण आजीनं तिच्याकडे पाहिलंच नाही. ती टीव्हीसमोरून गेली, सोफ्यासमोरून गेली, मशीनसमोर क्षणभर थांबली, मग पलंगापाशी आली. बोटानं गादी दाबली. बसली. आणि दोनशे माणसांदेखत बूट, टोपी, पर्स सगळ्यासकट त्याच्यावर आडवी झाली आणि डोळे मिटले.

“वहिनी?” सेप घाबरून म्हणाला.

“हा,” आजी म्हणाली. “हाच.”

पलंग चौघांनी खांद्यावर घेतला. पुढे ऑर्ड, कारण त्याला जिन्यावरून लांबट वस्तू न्यायची सवय. मागे काळ्या कोटातली एटी, तिच्या मागे कुटुंब. क्लबातलं काहीच माहीत नसलेली माणसं रस्त्यात दिसली, त्यांनी टोप्या काढल्या. एका बाईनं दारात येऊन विचारलंसुद्धा, “कोण गेलं हो?”

“कुणी नाही,” आजी म्हणाली. “आलाय.”

घरी मागच्या खोलीत खिडकीखाली पलंग लावला. सगळे खाली गेले, टीव्ही न मिळाल्याची भांडणं करायला. गेनॉरनं प्लास्टिक काढलं. तिनं लोखंडी पलंगावरची आपली उशी उचलली आणि गुलाबी मखमलीला टेकवून ठेवली. दोन पावलं मागे जाऊन पाहिलं. एवढी सुंदर वस्तू त्या घरात कधी आली नव्हती.

“उशी उचल,” मागून आजी म्हणाली.

“का?”

“तिथे मी झोपणार. तू तिकडे, मोठ्यावर.”

“आजी! तू म्हणाली होतीस...”

“म्हणाले होते वेगवेगळ्या झोपू. झोपू की.”

गेनॉरच्या डोळ्यांत पाणी आलं. सहा महिने रविवार सोडले नव्हते तिनं. “पण पलंग मला हवा होता! तुला कुठे हवा होता?”

आजी नव्या पलंगाच्या कडेवर बसली आणि बूट काढू लागली. तिला वाकताना त्रास होत होता. “मला कुणी विचारलं होतं का?” ती म्हणाली, रागानं नाही. “आम्ही पाच बहिणी एका पलंगावर. तिघी उशाकडे, दोघी पायाकडे. चौदाव्या वर्षी मोठ्या घरी कामाला लागले, तिथे स्वयंपाकीणबाईच्या शेजारी. ती लाथा झाडायची. मग जॉस, एक्केचाळीस वर्षं. तो मंगळवारी गेला. मी रडले, खूप रडले, खोटं नाही सांगत. पण बुधवारी रात्री मी त्या पलंगावर मधोमध झोपून पाहिलं. गुरुवारीही. आणि शुक्रवारी तुझी आई तुझी उशी घेऊन आली.”

गेनॉरनं काढलेला बूट उचलून भिंतीशी ठेवला.

“अडुसष्ट वर्षांत दोन रात्री,” आजी म्हणाली. “तुझे पाय काही फार ऊबदार नाहीत, तुला सांगते. आणि झोपेत बडबडतेस. ‘लीक, लीक’ म्हणून.”

सहा वर्षं आपणच कुणाचं तरी घोरणं सोसतोय, अशी गेनॉरची पक्की समजूत होती. पलीकडच्या अंगालाही कुणीतरी सोसत पडलेलं असेल, हे तिच्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं. तिला आपली लाज वाटली. तिनं उशी उचलली आणि मोठ्या पलंगाच्या मधोमध ठेवली. मग वाकून आजीचा दुसरा बूट काढला.

दुसऱ्या दिवशी रविवार. एटीआजी म्हणजे आयुष्यभर पहाटे साडेपाचला उठून शेगडी पेटवणारी बाई. खाण बंद झाली तरी तिची पहिली पाळी चालूच होती. सात वाजले, शेगडी गार. आठ वाजले. नऊला ऑड्रीचा चेहरा उतरला. विल्फ जिन्याच्या पायथ्याशी उभा राहून वर बघत होता, पण चढत नव्हता. “ऑर्डला बोलवायचं का?” असं धाकट्यानं विचारलं आणि थप्पड खाल्ली.

गेनॉर अंगणात पाणी भरत होती. मोठ्या पलंगावर पार आडवी होऊन ती सातला उठली होती आणि पावलं न वाजवता खाली आली होती. “गेनॉर,” आई कापऱ्या आवाजात म्हणाली, “वर जाऊन बघ गं जरा.”

गेनॉर वर गेली. तिनं दार ढकललं.

गुलाबी मखमलीखाली आजी हातपाय चारी दिशांना फेकून पडली होती. केसांची जाळी जमिनीवर, पांघरूण अर्धं खाली, एक पाय पलंगाबाहेर. घोरत नव्हती. गेनॉर पुढे झाली, वाकली.

आजीनं एक डोळा उघडला.

“दार लाव,” ती म्हणाली. “बाहेरून.”